जबड्यात हाड भरण्यापूर्वी

दात काढल्यावर आठ-दहा दिवसांत हिरडी मिटते, दुखणे थांबते आणि प्रकरण संपले असे आपण समजतो. हिरडीखाली मात्र त्याच दिवसापासून एक निराळी क्रिया सुरू झालेली असते. जबड्याच्या हाडाचा जो कंगोरा दातांची मुळे धरून ठेवतो, तो टिकून राहतो तोच मुळी दातांमुळे. चावताना दातावर पडणारा भार मुळांवाटे त्या हाडापर्यंत पोचतो आणि त्या भारामुळे हाड आपली झीज भरून काढत राहते. दात गेला की भार गेला. मग शरीर ते हाड हळूहळू शोषून घेते. पहिल्या तीन महिन्यांत ही झीज सर्वांत वेगाने होते आणि वर्षभरात त्या जागेची रुंदी सुमारे निम्म्याने घटू शकते. वरच्या पुढच्या दातांबाहेरची हाडाची भिंत पुष्कळदा एक मिलिमीटरहूनही पातळ असते. ती सर्वांत आधी जाते. वीस-पंचवीस वर्षे पूर्ण कवळी वापरलेल्या आजी-आजोबांचे ओठ आत गेलेले आणि हनुवटी नाकाकडे झुकलेली दिसते, त्याचे कारण हेच. कवळीखाली खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा कितीतरी अधिक होते, म्हणून खालची कवळी आधी डुगडुगू लागते.

अशा वेळी दंतरोपणाचा, म्हणजे इम्प्लांटचा विचार घरात निघतो. पेर-इंगवार ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकांना सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाशी असे एकजीव झालेले आढळले की ते काढता येईना. १९६५ मध्ये त्यांनी त्याच धातूचे स्क्रू एका रुग्णाच्या जबड्यात बसवले; आजचे दंतरोपण त्याच वाटेने आले आहे. पण स्क्रूला धरायला सर्व बाजूंनी पुरेसे हाड लागते. साधारण चार मिलिमीटर जाडीचा आणि दहा मिलिमीटर लांबीचा स्क्रू बसवायचा, तर त्याच्या भोवती दीड-एक मिलिमीटर हाड उरले पाहिजे आणि खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेपासून तो दोन मिलिमीटर तरी दूर राहिला पाहिजे. हा हिशेब जमला नाही की डॉक्टर सांगतात, ‘हाड कमी आहे, आधी बोन ग्राफ्ट करावे लागेल.’

या वाक्यानंतर मुलगा खर्च विचारतो, सून विचारते दुखेल का, आणि ज्यांचा जबडा आहे ते म्हणतात, ‘आता या वयात कशाला?’ तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा, तो बहुधा राहून जातो: या माणसासाठी, तोंडातल्या याच जागी, हाड भरल्यावाचून काम होणार नाही का?

पुष्कळदा होते. खालच्या जबड्यात हनुवटीच्या वरचे हाड इतर जागांच्या मानाने बरेच टिकून राहते. तेथे दोन स्क्रू बसवून त्यांवर खालची कवळी बटणासारखी अडकवता येते. दातहीन खालच्या जबड्यासाठी हाच प्राथमिक उपचार मानावा, असे २००२ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने सुचवले होते. साध्या कवळीशी झगडून थकलेल्या ज्येष्ठांना यातून मिळणारा दिलासा मोठा असतो आणि बहुतेकांना त्यासाठी वेगळे हाड भरावे लागत नाही. दाढांच्या जागी उंची थोडी कमी असेल तर सहा मिलिमीटरचे आखूड स्क्रूही मिळतात. वरच्या जबड्यात स्क्रू तिरके बसवून उपलब्ध हाडाचाच उपयोग करून घेण्याची पद्धत आहे. एकच दात गेला असेल आणि शेजारचे दोन्ही दात आधीच कॅप घातलेले असतील, तर ब्रिज हा उपाय अजिबात कमीपणाचा नाही. आणि जुन्या कवळीला आतून नवे अस्तर लावून घेतले, एवढ्यानेही काहींचे जेवण पूर्ववत होते. हा सर्वांत स्वस्त उपाय सुचवायचा मात्र राहून जातो, हे माझे मत मी येथे नोंदवून ठेवतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. कवळी टोचते म्हणून भाकरी सुटली, मग काकडीची कोशिंबीर सुटली, मोड आलेली मटकी सुटली, पेरू तर केव्हाच सुटला, आणि आता दोन वेळा चहात बुडवलेली पोळी एवढाच आहार उरला आहे, असे घरात होत असेल तर ‘या वयात कशाला’ हे उत्तर पुरेसे नाही. प्रथिने आणि भाजीपाला कमी पडला की स्नायू झिजतात, तोल जातो, जखमा भरायला वेळ लागतो. केवळ वय पंचाहत्तर आहे म्हणून दंतरोपण किंवा अस्थिरोपण नाकारण्याचे कारण नाही. प्रकृती, चालू औषधे आणि तोंडाची निगा राखण्याची क्षमता या गोष्टी वयापेक्षा महत्त्वाच्या आहेत.

अस्थिरोपण ठरलेच, तर काय होते ते समजून घ्या. भरलेले हाड जसेच्या तसे तेथे चिकटत नाही. ते वेलासाठी घातलेल्या मांडवासारखे असते. त्या कणांच्या फटींतून तुमच्या रक्तवाहिन्या आणि हाड बनवणाऱ्या पेशी आत शिरतात आणि नवे हाड तुमचे शरीरच तयार करते. म्हणून त्याला वेळ लागतो. दात काढल्याबरोबर रिकाम्या खळग्यात भर घातली तर तीन-चार महिने, मोठी झीज भरायची असेल तर सहा ते नऊ महिने. वरच्या दाढांच्या वर गालाआड हवेची पोकळी असते, तिला सायनस म्हणतात. दाढा गेल्यावर ती खाली उतरते. तिचे नाजूक अस्तर हलकेच वर उचलून खाली भर घालावी लागते, तिलाही साधारण तेवढाच काळ. ‘लग्न दोन महिन्यांवर आले आहे, तोवर दात बसतील ना?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर बहुधा ‘नाही’ असेच असते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. काढायच्या दाताविषयी बोलतानाच हाडाविषयी विचारावे. खळग्यात त्याच वेळी भर घातल्याने झीज पूर्ण थांबत नाही, पण बरीच कमी होते आणि पुढची मोठी शस्त्रक्रिया टळण्याची शक्यता वाढते. अर्थात त्या जागी कधी इम्प्लांट बसवायचाच नसेल, तर बहुधा ही भरही नको.

भर कशाची घालणार, हे विचारायला संकोच करू नका. काही वेळा रुग्णाचेच हाड हनुवटीतून किंवा अक्कलदाढेमागून घेतात. ते सर्वांत लवकर रुजते, पण जखमा दोन होतात. दात्याचे मानवी हाड ऊतिपेढीतून येते; मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची अशी पेढी आहे, तेथे दान केलेल्या ऊती शुष्क करून गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्या जातात. प्रयोगशाळेत बनवलेले कॅल्शियम फॉस्फेटचे कण हा तिसरा प्रकार. आणि जगभर फार मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा चौथा प्रकार गोवंशाच्या हाडापासून बनतो. त्यातील सेंद्रिय अंश काढून टाकून फक्त खनिज ठेवलेले असते. भर झाकायला वापरला जाणारा पातळ पडदाही अनेकदा डुकराच्या किंवा गाईबैलांच्या ऊतीतून काढलेला असतो. वैद्यकीयदृष्ट्या हे पदार्थ दीर्घकाळ वापरात आहेत. पण आपल्याकडील अनेक घरांत हा श्रद्धेचा विषय आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले केव्हाही बरे. बहुतेक ठिकाणी पर्याय मिळू शकतो. तुम्ही विचारले नाही तर तो दिला जाईलच असे नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि तो विशेषतः काळजी घेणाऱ्या मंडळींसाठी. दंतवैद्य ‘कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ असे विचारतात. आपण रोजच्या गोळ्यांची पिशवी पुढे करतो. पण हाडे ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा शिरेतून दिलेले झोलेड्रोनिक आम्ल किंवा सहा महिन्यांनी त्वचेखाली टोचलेले डेनोसुमॅब त्या पिशवीत नसते. ते कोणाच्या लक्षातही राहत नाही. आठवड्यातून एकदा उपाशीपोटी घ्यायची अलेंड्रोनेटची गोळीही अशीच निसटते. ही औषधे हाडांची झीज रोखतात, कंबरेचे आणि मणक्याचे मोडणे टाळतात, म्हणून मोलाची आहेत. परंतु ती चालू असताना जबड्यावर शस्त्रक्रिया झाली, तर क्वचित जखम भरतच नाही; हाड उघडे पडते आणि त्याचा तेवढा भाग मृत होतो. ठिसूळ हाडांसाठीच्या नेहमीच्या मात्रेत हा धोका कमी असतो. औषध जितकी अधिक वर्षे घेतले असेल आणि सोबत स्टिरॉइड चालू असेल, तितका तो वाढतो. कर्करोग हाडांत पसरल्यामुळे हीच औषधे मोठ्या मात्रेत, दर महिन्याला मिळत असतील तर धोका कितीतरी पटींनी अधिक असतो, आणि अशा रुग्णात हाड भरणे व इम्प्लांट बसवणे टाळलेच जाते. मान-तोंडाच्या कर्करोगासाठी जबड्यावर किरणोपचार झाले असतील, तर ते कितीही जुने असोत, सांगायलाच हवेत.

हे वाचून कोणी औषध स्वतःच बंद करू नये. डेनोसुमॅबचे पुढचे इंजेक्शन चुकवले तर हाडांची झीज उलट वेगाने सुरू होते आणि मणके दबू शकतात. काय थांबवायचे, केव्हा करायचे, की शस्त्रक्रियाच नको, हे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी आणि दंतशल्यचिकित्सकांनी एकमेकांशी बोलून ठरवायचे असते. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचेही तसेच. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल बंद केल्याने हृदयातील स्टेंट बुजण्याचा धोका हिरडीतून येणाऱ्या रक्तापेक्षा फार मोठा आहे. वॉरफरिन घेणाऱ्यांची आयएनआर तपासणी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीची असावी. हृदयात कृत्रिम झडप असेल तर आधी प्रतिजैविक लागते. मधुमेह असल्यास गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल सोबत न्या. आणि मशेरी, तंबाखू, विडी यांबद्दल खरे सांगा. आईची मशेरी मुलगा डॉक्टरांसमोर लपवतो, हे दृश्य दुर्मीळ नाही. पण तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा आकसतो आणि शिवलेली जखम उसवून भर वाया जाते.

आणखी एक विचार आजच करावा. आज आजोबा स्वतः दात घासतात. पाच वर्षांनी हात थरथरू लागला, विस्मरण वाढले, तर इम्प्लांटभोवतीची सफाई कोण करणार? तेथेही कीटण साचते आणि भोवतीचे हाड झिजते. जबड्यात कायम बसवलेल्या पुलाखाली दुसऱ्याच्या हाताने सफाई करणे अवघड जाते. बटणावर अडकणारी, काढता येणारी कवळी सांभाळणे सोपे. माझ्या दृष्टीने ज्येष्ठांच्या बाबतीत हा मुद्दा सौंदर्यापेक्षा वरचा आहे. निर्णय मात्र त्यांचाच असू द्या. त्यांना कमी ऐकू येत असेल तर डॉक्टरांना समोर बसून, सावकाश बोलायला सांगा. त्यांच्या डोक्यावरून मुलांशी व्यवहार ठरू नये.

मनात शंका असेल तर दुसरे मत घ्या. सीबीसीटी नावाच्या त्रिमितीय एक्स-रेची सीडी आणि अहवाल हे तुमचे आहेत. ते घेऊन मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयात अथवा मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात दाखवता येतात. अहवालात हाडाची उंची-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. ‘कमी’ म्हणजे किती, हे त्यावरून विचारा. भर, पडदा, इम्प्लांट आणि वरचा दात या चारही गोष्टींचा खर्च वेगवेगळा लिहून मागा, आणि भर रुजली नाही तर पुढे काय, हेही.

शस्त्रक्रियेनंतर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते, मग उतरते. पहिला दिवस चूळ भरू नये, जोराने थुंकू नये, स्ट्रॉने काही ओढू नये. कोमट पेज, गुरगुट्या भात, नाचणीचे सत्त्व, मऊ मुगाची खिचडी असे काही दुसऱ्या बाजूने घ्यावे. सायनसखाली भर घातली असेल तर दोन-तीन आठवडे नाक शिंकरू नये आणि शिंक आल्यास तोंड उघडे ठेवून द्यावी. वाळूसारखे दोन-चार कण जिभेवर लागले तर घाबरू नका. ओंजळभर पडले, पू आला, ताप चढला किंवा ओठाची बधिरता दुसऱ्या दिवशीही गेली नाही, तर त्याच दिवशी फोन करा. जुनी कवळी डॉक्टरांनी आतून कोरून, मऊ अस्तर लावून दिल्याशिवाय त्या जागेवर बसवू नये. लाजेपोटी पाहुण्यांसमोर घातलेली कवळी नव्या भरावावर दाब देते आणि टाके तोडते. भरावाच्या आणि स्क्रूच्या पाकिटावर नाव व क्रमांकाची चिकटपट्टी असते, ती मागून घ्या आणि औषधांच्या वहीत, त्या वर्षातून एकदाच्या इंजेक्शनाच्या तारखेशेजारी, चिकटवून ठेवा.