बचतीचा निबंध पुरे, एक वस्तू ठरवू द्या



‘बचतीचे महत्त्व’ हा निबंध मी गेली कित्येक वर्षं तपासतोय. सुरुवात ‘थेंबे थेंबे तळे साचे’ने होते, मधे मुंगीचं उदाहरण येतं आणि शेवटी ‘म्हणून आपण सर्वांनी बचत केली पाहिजे’. दहापैकी आठ गुण. निबंध लिहिणाऱ्या मुलाला तुम्ही विचारा, ‘तू कशासाठी साठवतोयस?’ तर बहुतेक वेळा उत्तर येत नाही. येणार कसं? आपण त्याला कशासाठी साठवायचं हे कधी ठरवूच दिलेलं नाही.

यंदा आठवीच्या वर्गात मी हा निबंध दिला नाही. त्याऐवजी माझ्या मामेभावाच्या लाकूड कापायच्या यंत्राचा हिशोब फळ्यावर मांडला, आणि तो हिशोब वर्षभर पुरला.

मामेभाऊ अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. नोकरी संगणकाची, पण सुट्टीच्या दिवशी सुतारकाम करतो. घरामागे थोडी झाडी आहे, त्यात अ‍ॅश नावाची झाडं. बेसबॉलच्या बॅटी पूर्वापार ज्या लाकडाच्या करतात ते हे लाकूड. चिवट आणि सरळ रेषांचं. २००२ मध्ये त्याच राज्यात आशियातून आलेला एक हिरवा चकचकीत भुंगेरा सापडला. त्याच्या अळ्या सालीखालचा भाग पोखरतात, झाडाचं अन्नपाणी तुटतं आणि चार-पाच वर्षांत उभं झाड वाळून जातं. अशी कोट्यवधी झाडं त्या देशात गेली. भावाचीही गेली. मेलेलं अ‍ॅशचं झाड उभं ठेवलं तर ठिसूळ होत जातं आणि मग तोडणंही धोक्याचं होतं. बरेच जण त्याचं जळण करतात. भावाला त्याच्या फळ्या पाडायच्या होत्या.

त्यासाठी तिकडे छोटी फिरती आरागिरणी मिळते. आपल्याकडच्या मोठ्या आरागिरणीत ओंडका पात्याकडे सरकवतात, इथे उलटं. ओंडका जमिनीलगतच्या रुळांवर घट्ट बांधून ठेवायचा आणि पट्टीचं पातं असलेलं इंजिन हातानं ढकलत त्याच्यावरून न्यायचं. एक फेरी, एक फळी. गाडीमागे जोडून नेता येते. भावानं हेरलेल्या गिरणीची किंमत ४,५०० डॉलर होती. महिन्याला १५० डॉलर बाजूला टाकायचे असं त्यानं ठरवलं.

‘किती महिने?’ मी वर्गाला विचारलं. तीस, असं उत्तर लगेच आलं. सरळ भागाकार. पण खरं गणित तिथून पुढे सुरू झालं, आणि त्यातलं अर्धं मुलांनीच काढलं.

पहिला प्रश्न एका मुलानं विचारला: ‘सर, एवढी महाग कशाला? झाडं तोडायची चेनसॉ असते की, तिनंच फळ्या पाडायच्या.’ बरोबर. चेनसॉला लावायची लोखंडी चौकट मिळते आणि ती गिरणीपेक्षा कितीतरी स्वस्त असते. मग मी गावातल्या सुतारकाकांना वर्गात बोलावलं. त्यांनी फळ्यावर एक इंच काढला, त्याचे आठ भाग केले आणि सांगितलं, ‘हे एक सूत.’ मुलांना सूत म्हणजे फक्त दोरा माहीत होता. पट्टीचं पातं दर कापाला एक सूत किंवा त्याहून कमी लाकूड खातं. चेनसॉची साखळी दोन सूत तरी खाते, कधी जास्तच. एका ओंडक्यात दहा काप घेतले तर एकीकडे सव्वा इंच भुसा, दुसरीकडे अडीच इंच. म्हणजे एक इंची एक अख्खी फळी भुशात गेली. स्वस्त यंत्र घेतलं तर पुढे लाकडात किंमत मोजावी लागते, हे मला सांगावं लागलं नाही.

मग ओंडक्याचं माप. समजा, १६ इंच व्यासाचा, ८ फूट लांब ओंडका आहे. पुस्तकातल्या वृत्तचितीच्या सूत्रानं घनफळ ११.२ घनफूट येतं. आपल्याकडचा लाकडाचा व्यापारी मात्र फितीनं घेर मोजतो, त्याचा चौथा भाग काढतो, वर्ग करून लांबीनं गुणतो. घेर साधारण ५० इंच, चौथा भाग साडेबारा, आणि माप येतं ८.७ घनफूट. तिकडे ओंडक्यातून फळ्या किती निघतील हे काढायला डॉयलचा नियम वापरतात: व्यासातून ४ इंच वजा करायचे, ४ नं भागायचं, वर्ग करायचा, फुटातल्या लांबीनं गुणायचं. उत्तर ७२ बोर्डफूट, आणि १२ बोर्डफुटांचा एक घनफूट, म्हणजे ६. एकच ओंडका आणि तीन मापं! वर्गात चांगलाच गोंधळ झाला. ‘मग व्यापारी फसवतो का?’ असा प्रश्न आला. फसवत नाही, साल आणि चौकोनी करताना जाणारा भाग त्यानं आधीच धरलेला असतो, आणि दोघांनाही तो हिशोब माहीत असतो. ज्याला माहीत नसतो तो फसतो. π मला इतक्या वर्षांत कधी एवढा नीट शिकवता आला नव्हता.

पण हे मी गणिताच्या तासासाठी लिहीत नाहीये.

चौदा महिने झाले तेव्हा भावाकडे २,१०० डॉलर साठले होते. झाडं ठिसूळ होत चालली होती. आणखी सोळा महिने थांबलं तर गिरणी येईल, पण कापायला लाकूड राहील का? मी हे वर्गापुढे ठेवलं. निम्मे म्हणाले, कर्ज काढावं. काहींनी सांगितलं, लाकूड जाऊ द्या, पैसे मोडायचे नाहीत. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याच्या वहीत मी सहसा लाल शेरेच मारतो, तो म्हणाला, ‘भाड्यानं आणायची. आमच्यात मळणी यंत्र कोण इकत घेतंय सर? फिरतं येतं, पोत्यावर पैसं देतो.’

भावानं नेमकं तेच केलं होतं. आपली फिरती गिरणी घेऊन घरोघरी जाणारे लोक तिकडेही असतात. त्यानं तोडलेले ओंडके एका माणसाकडून दोन दिवसांत कापून घेतले. ४५० डॉलर गेले. परसातल्या झाडात जुना खिळा निघाला, एक पातं गेलं, तेही त्यानंच भरून दिलं. दरम्यान गिरणीची किंमत ४,८०० झाली होती. उरले १,६५०, हवेत आणखी ३,१५०, म्हणजे एकवीस महिने. आधीच्या हिशोबापेक्षा पाच महिने उशीर: तीन भाड्यामुळे, दोन भाववाढीमुळे. आमच्या पाठ्यपुस्तकातल्या सरळव्याजाच्या उदाहरणांत ना वस्तूची किंमत वाढते, ना खिळा निघतो, ना झाड वाळतं.

स्टाफरूममध्ये मला सगळ्यांत जास्त ऐकावं लागलं ते हे: ‘एवढ्या पैशात तयार फर्निचर आलं असतं. हा पोरांपुढे ठेवायचा आदर्श का?’ पालक सभेतही कुणीतरी म्हणालं, ‘छंदासाठी साठवणं म्हणजे उधळपट्टीच, जरा सावकाश केलेली.’ मला हे पटत नाही. पैसा वसूल होतो का एवढाच निकष लावला तर तबला, क्रिकेटची बॅट आणि घरातली निम्मी पुस्तकंही बाद होतील. भाऊ गिरणीवर कमाई करणार नाही, ते त्यानं पहिल्या दिवशीच सांगितलंय. पण दोन वर्षं त्यानं ही इच्छा जपली, दर महिन्याला तिची किंमत मोजली आणि तरी ती टिकली. ज्या वस्तूची हौस दोन महिन्यांत उतरते ती वस्तू साठवण्याच्या काळातच गळून पडते, आणि तो तोटा नसतो. मोबाइलवर बोट टेकवलं की दुसऱ्या दिवशी दारात खोकं येतं अशा घरांत मुलाला हे कळायला दुसरी वाट दिसत नाही मला.

एक खुलासा करतो, कारण दोन पालकांनी विचारलं. आपल्याकडे असं यंत्र आणून परसात सुरू करता येत नाही. आरागिरणीला वन विभागाचा परवाना लागतो, आणि आपल्या मालकीच्या जमिनीतली अनेक जातींची झाडंही विनापरवानगी तोडता येत नाहीत. त्यासाठी १९६४ पासून कायदा आहे. वर्गाला मी हेही सांगितलं.

आता जे लिहायचंय ते पालकांना जरा टोचेल. हा हिशोब बघून वर्गातल्या एका मुलीनं स्वतःची वही काढली. तिचे आजोबा सुतार होते. रंधा, पटाशी, वाकस, गिरमिट अजून घरात माळ्यावर आहेत. तिला हातात धरून चालवायची छोटी जिगसॉ घ्यायची होती, लाकडी खेळणी करायला. खाऊचे, पाहुण्यांनी हातावर ठेवलेले, सुट्टीत वेणीला फुलं ओवून मिळालेले पैसे ती मातीच्या गल्ल्यात टाकायची आणि वहीत लिहायची. १,१४० रुपये झाले. जूनमध्ये खतासाठी पैसे कमी पडले आणि गल्ला फुटला. तिला कुणी विचारलं नाही, नंतर सांगितलंही नाही. तिला कोपऱ्यात फक्त खापरं दिसली. वही बंद झाली.

मी वडिलांना भेटलो. ते रागावले नाहीत, हसले. ‘पोरीच्या पैशाचा कसला हिशोब सर? समदं तिचंच हाय की.’ माणूस प्रामाणिक आहे आणि पेरणी थांबत नाही, हे मलाही कळतं. घरची अडचण मुलीनं पाहू नये असं मी म्हणत नाही. उलट तिला दाखवा. ‘खताला एवढे कमी पडतायत, तुझे घेऊ का, दिवाळीला देतो’ असं विचारलं असतं तर ती नाही म्हणाली नसती, आणि घराला मदत केल्याचा मान तिला मिळाला असता. न विचारता घेतले म्हणून ती शिकली ते वेगळंच: साठवलेलं आपलं नसतं. असं शिकलेलं मूल पुढे हातात पैसा आला की लगेच खर्चून टाकतं, आणि मग आपणच त्याला उधळ्या म्हणतो. पूर्वी शाळाशाळांत संचयिका होती. तिचं पासबुक मुलाच्या नावाचं असायचं. रक्कम चार आण्यांची का असेना, ती काढायला मुलाला विचारावं लागायचं.

माझं म्हणणं एवढंच: घरात मुलाची बचत असेल तर ती उसनी घ्या, हवी तर सगळी घ्या, पण विचारून घ्या आणि त्याच्या वहीत त्याच्यासमोर लिहा. शिक्षकांनो, तुम्ही निबंधाऐवजी ती वही तपासा. सही करा, गुण देऊ नका.

त्या मुलीच्या आईला हे पटलं. तिनं वहीत स्वतः लिहिलं, ‘आईकडून येणे १,१४०.’ दिवाळीत चारशे परत आले.

भावाच्या फळ्या अजून वाळतायत. इंचभर जाडीच्या फळीला उघड्या हवेत साधारण वर्ष लागतं. दोन फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून वारा खेळता ठेवायचा, टोकांना रंग लावायचा म्हणजे तडे जात नाहीत. मागच्या आठवड्यात त्यानं थप्पीचा फोटो पाठवला. मुलांनी थर मोजले, आणि मागच्या बाकावरून विचारणा झाली, ‘सर, किती म्हैने ऱ्हायले?’ अकरा. त्या मुलीची वही टेबलावर आहे, येणे ७४०.