जर्मन शिकायची, तीही इंग्रजीच्या दारातून?

डहाणू तालुक्यातील वरोरच्या किनाऱ्याला लागून वाढवण बंदराचा प्रकल्प आकार घेत आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज 76,220 कोटी रुपये. मच्छीमार बांधवांचा विरोध हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. परंतु जगाची जहाजे दारात येणार असतील, तर कचेऱ्यांतील खुर्च्या बाहेरच्यांच्या आणि डोईवरच्या टोपल्या तेवढ्या वरोरकरांच्या, असे व्हायचे काय? परकीय भाषा या मुलांना आल्याच पाहिजेत.

त्या शिकवायच्या कशा, हा खरा प्रश्न. 2024 मध्येच राज्य शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि जर्मनचे महत्त्व एकाएकी वाढले. गावोगावी जर्मनचा शिक्षक मिळणे कठीण. तेव्हा आठवड्यातून काही तास वर्गात शिक्षक आणि उरलेला सराव घरी भ्रमणध्वनीवर, ही सांगड रास्तच आहे. एकच उच्चार शंभरदा ऐकवताना यंत्र कंटाळत नाही. पण बहुतेक परदेशी अ‍ॅप उघडून पाहावीत: शब्द जर्मन, अर्थ इंग्रजीत! वरोरच्या मुलाने एक परकी भाषा शिकण्यासाठी आधी दुसरीच्या पाया पडायचे!

हे अन्यायाचे आहेच, शिवाय मूर्खपणाचेही आहे. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत, मराठीतही तीन. इंग्रजीत नामांना व्याकरणिक लिंगच उरलेले नाही. जर्मनला चार विभक्ती. आमच्या शाळेत आठांचा तक्ता घोकविला जातो. जर्मन गौणवाक्यात क्रियापद शेवटी जाते, मराठीत ते तेथेच असते. मुलीसाठीचा रोजचा जर्मन शब्द नपुंसकलिंगी आहे, याचे इंग्रजाला नवल वाटते. ‘ते लेकरू’ म्हणणाऱ्या आमच्या आजीला वाटणार नाही. एवढी शिदोरी गाठीशी असताना मेकॉलेच्या 1835 च्या टिपणाचे वारसदार आम्हाला इंग्रजीच्या दाराशी उपाशी बसवितात, आणि आम्ही मुकाट्याने बसतो!

याच तालुक्यात, कोसबादच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वनवासी मुलांना शिकविले. मुले गुरांमागे जातात म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. आजच्या अ‍ॅपवाल्यांना मराठीपर्यंतही येववत नाही.

शासनाने जर्मनचे धडे, ध्वनिफिती आणि शब्दकोश मराठीतून तयार करवून घ्यावेत. ते इंटरनेटविना चालावेत आणि पालघर जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांना आधी द्यावेत. बंदर पुरे होण्याची वाट पाहू नये.