आधी कसोटी, मग यंत्र

बेहाला हा कलकत्त्याच्या नैर्ऋत्येकडील दाट वस्तीचा भाग होय. त्याच्या मधून जाणाऱ्या डायमंड हार्बर मार्गावर जोका ते तारातला हा मेट्रो रेल्वेचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि तेथील प्रवास पुष्कळ सुकर झाला. परंतु ज्याला लघवीचा किंवा शौचाचा वेग आवरत नाही, तो अंतर मैलांत मोजत नाही. एका शौचालयापासून दुसऱ्या शौचालयापर्यंत मोजतो. असा मनुष्य हळूहळू बाजार, आप्तांकडील कार्ये, दुर्गापूजेचा मंडप हे सर्व सोडून घरात बसतो, आणि लाजेमुळे त्याचे कारण कोणास सांगत नाही.

या व्याधीवर विज्ञानाने एक विद्युत्-उपचार शोधून काढला आहे. मूत्राशय भरू लागला म्हणजे त्याच्या भित्तींवर ताण पडतो. ही वार्ता कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीतील मज्जातंतूंवाटे मज्जारज्जूकडे व तेथून मेंदूकडे जाते. योग्य वेळ येईपर्यंत मेंदू मूत्राशयास आवरून धरतो. हा संदेशव्यवहार बिघडला, की मूत्राशय अर्धवट भरला असतानाच आकुंचन पावतो. काही रुग्णांत तर तो नीट रिकामाच होत नाही. गुदाशयाच्या नियमनातही याच मज्जातंतूंचा मोठा वाटा असतो.

सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात एमिल टनागो व रिचर्ड श्मिट यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी या मज्जातंतूंस सौम्य विद्युत्स्पंद देण्याची पद्धती रुग्णांत वापरली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला १९९७ मध्ये मूत्राच्या अनावर वेगासाठी आणि २०११ मध्ये मलाच्या अनियंत्रणासाठी मान्यता दिली. हे स्पंद मूत्राशयास बळाने हलवीत नाहीत. मुख्यतः मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांवर परिणाम करून ते बिघडलेला समतोल सावरतात.

या पद्धतीचा खरा गुण तिच्या क्रमात आहे. प्रथम त्रिकास्थीच्या तिसऱ्या छिद्रातून मज्जातंतूजवळ बारीक तार बसवितात आणि यंत्र शरीराबाहेरच ठेवतात. काही दिवस रुग्ण नोंदवही लिहितो. त्रास निम्म्याने तरी उणावला, तरच नितंबाच्या वरच्या भागी कातडीखाली कायमचे यंत्र बसवितात. तथापि तार सरकणे, जंतुसंसर्ग होणे, काही वर्षांनी यंत्र बदलावे लागणे, हे धोके राहतातच. मूत्रमार्गात अडथळा असल्यामुळे लघवी तुंबत असेल, तर हा उपचार निरुपयोगी ठरतो.

येथे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, एवढे महाग यंत्र आपल्या देशात चैनच होय. दुसऱ्या पक्षाला यंत्र म्हणजे सर्व दुखण्यांवरील तोड वाटते. दोन्ही मते चुकीची आहेत. उपचारामागील क्रम रुग्णसेवेनेही पाळला, तर यंत्र थोड्यांनाच लागेल, आणि ज्यांना लागेल त्यांना ते नाकारणे अन्यायाचे ठरेल.

बेहालात विद्यासागर स्टेट जनरल हॉस्पिटल हे सरकारी रुग्णालय आहे. अशा वस्तीतल्या रुग्णालयातच पहिल्या पायऱ्या असावयास हव्यात : निःसंकोच विचारपूस, लघवी-शौचाची नोंदवही, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, योग्य औषधे. घोट्याजवळ सुई टोचून पायातील मज्जातंतूस स्पंद देण्याची रीतही आहे. त्या मज्जातंतूची मुळे त्रिकास्थीच्या मज्जातंतूंशी जुळलेली असतात. आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे बारा आठवडे हा उपचार देतात. त्यास शस्त्रक्रिया लागत नाही. एवढ्यानेही गुण न आला, तर रुग्णास मोठ्या रुग्णालयाकडे कसोटीसाठी पाठवावे, आणि यंत्र बसविल्यावर पुढील वर्षांच्या देखभालीची तरतूदही आधीच करून ठेवावी.

या सर्वांच्या आधीची पायरी मात्र कोणत्याही रुग्णालयात नाही; ती घरात आहे. "वय झाले, आता असेच व्हायचे," असे म्हणून जो त्रास झाकला जातो, त्याचे नाव डॉक्टरांपुढे उच्चारण्यास धीर लागतो. तो धीर वृद्ध आई-वडिलांना देणे हे घरातील तरुणांचे काम होय. रुग्ण बोललाच नाही, तर उत्तमातील उत्तम यंत्रही त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही.