मिटविलेली नोंद पुन्हा कशाला मागता?

अजाण वयातील अपराधाची शिक्षा माणसाला जन्मभर भोगावयास लावू नये, असे आपल्या कायद्याने निःसंदिग्धपणे सांगितले आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ अन्वये, अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून गुन्हा घडला व त्याचा निवाडा त्या कायद्याप्रमाणे झाला, तर दोषी ठरल्यामुळे येणारी कोणतीही अपात्रता त्याला चिकटत नाही. अपिलाची मुदत सरल्यावर ती नोंदही नष्ट करावयाची असते. कलम ७४ पोलिसांना आणखी बजावते की, चारित्र्याच्या दाखल्यासाठी अशा मुलाची नोंद उघड करू नका.

मग सरकारी नोकरीच्या दारात काय घडते? उमेदवाराच्या हाती पडताळणीचा नमुना येतो. आपणांस कधी अटक झाली होती काय, आपणांवर कधी खटला झाला होता काय, असे प्रश्न त्यात असतात. 'होय' लिहावे, तर अधिकाऱ्याच्या मनात किल्मिष येते. 'नाही' लिहावे, तर माहिती दडविल्याचा ठपका! इकडे आड, तिकडे विहीर. जे पोलिसांनीही सांगू नये असे संसदेने ठरविले, तेच त्या तरुणाच्या तोंडून वदवून घ्यावयाचे, हे कायद्याचे पालन नव्हे. ही कायद्याला दिलेली हुलकावणी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली एका सुरक्षा दलातील उमेदवाराच्या प्रकरणात, अल्पवयातील आरोपावरून नेमणूक नाकारता येणार नाही, असा निर्वाळा दिला. पण निर्वाळा मिळविण्यासाठी दिल्लीपर्यंत जाण्याची ऐपत किती घरांत असते? बहुतेकांची उमेदवारी तालुक्याच्या कचेरीतच संपते, आणि तिचा कोठे बोभाटाही होत नाही.

पोलीस खात्यात कोणालाही डोळे मिटून घ्यावे काय, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. पण कायद्याने तिचा विचार आधीच केला आहे. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचा निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालवून तो दोषी ठरला, तर त्याला हे संरक्षण मिळत नाही. संसदेने जेथे रेघ ओढली, तेथून ती पुढे सरकविण्याचा अधिकार कचेरीतील टेबलाला कोणी दिला?

उपाय अगदी साधा आहे. पडताळणीच्या नमुन्यातील प्रश्न मोघम नसावेत, नेमके असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ सालीच सांगितले आहे. तेव्हा केंद्र व राज्य सरकारांनी प्रत्येक नमुन्यावर एवढी एक ओळ छापावी : 'बाल न्याय कायद्याचे संरक्षण लाभलेल्या प्रकरणाची माहिती येथे देऊ नये, न दिल्यास ती लपविली असे समजले जाणार नाही.' या ओळीला ना नवा कायदा लागतो, ना खजिन्यातला पैसा. जे सरकार मुलाला सुधारण्याची संधी देते, त्यानेच तो सुधारून दारी आल्यावर त्याला परतवू नये.