टाच, चवडा आणि अप्पा

मराठी शिकविणाऱ्या माणसाने मोटारीवर लिहू नये, असे आमच्या घरातले मत आहे. मला गाडी चालविता येते. मात्र शेजारी बसलेले माणूस दाराची मूठ काही सोडीत नाही. तरीही यंदा विषय मोटारीचाच. कारण मे महिन्यात आम्ही अप्पांना घेऊन धाकट्या भावाकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो, आणि तेथे त्यांनी मला चांगलेच उताणे पाडले.

अप्पा, म्हणजे माझे वडील, एस. टी. चे निवृत्त चालक. उमेदीची वर्षे आंबा घाटात गेली. त्यांच्या पहिल्या गाडीचा गिअर ढकलला आणि पडला, असा गरीब नव्हता. खालचा गिअर हवा तर क्लच दाबा, गिअर मोकळा करा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला एक टोला द्या, पुन्हा क्लच आणि मग गिअर. चुकले की पोटातून असा खरखराट उठे, की पेंगणारा कंडक्टरदेखील जागा होई.

भावाकडे निसानची ‘370झेड’ आहे. जुनी घेतलेली, दोनच आसनांची. साराटोगाहून हायवे 9 रेडवुडच्या झाडीतून वर स्कायलाइनला जातो. त्या वळणांवर त्याने मला ‘हील-अँड-टो’चे शास्त्र समजावले. वेग तोच ठेवून चौथ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये यायचे, तर इंजिनाला अधिक फिरावे लागते. त्याच्या गाडीत 3000 फेऱ्यांचे सुमारे 3800 होतात. तसे न करता क्लच सोडला तर चाके इंजिनाला फरफटत नेतात, गाडी हिसका खाते आणि ऐन वळणात मागची चाके घसरूही शकतात. म्हणून क्लच सोडण्यापूर्वी ॲक्सिलरेटरला टोला द्यायचा. पण उजवा पाय तर ब्रेकवर गुंतलेला! तेव्हा चवड्याने ब्रेक दाबून धरायचा आणि त्याच पायाच्या टाचेने किंवा बाहेरच्या कडेने ॲक्सिलरेटर टोचायचा. पंगतीत एका हाताने आमटी वाढून त्याच हाताने मीठ घालण्यासारखे हे काम. भावाला दहांतून सहा वेळा जमते, असे तोच म्हणतो.

निसानने 2009 च्या या मोटारीत हा टोला यंत्राकडे सोपविला. गिअरचा दांडा कोणत्या घराकडे निघाला हे ओळखून संगणकच इंजिनाचे फेरे जुळवितो. 2014 च्या कॉर्व्हेटमध्येही अशी सोय आली. नको असेल तर बंद करायची मुभा दोन्हींत आहे.

उतरताना अप्पा त्याच्याशेजारी बसले. मी भावजयीच्या गाडीतून मागे. खाली कॉफी घेताना अप्पांनी पहिला प्रश्न टाकला, “तुझा पाय ब्रेकवरनं हललाच नाही. मग इंजिन कुणी उचललं?”

“संगणकानं, अप्पा. तुम्ही होता म्हणून बटण चालू ठेवलं होतं.”

येथे माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. यंत्राने माणसाचा पाय मुका केला, उद्या हाताचीही तीच गत, वगैरे मी सुरू केले. (माझे ऱ्हस्व-दीर्घ गेली पाच वर्षे संगणकच सुधारतो, हे भावजयीला ठाऊक नव्हते.) अप्पांनी मला हातानेच थांबविले.

“चुकतंय का कधी ते?” त्यांनी भावाला विचारले.

“माझ्या तरी अनुभवात नाही.”

“मग बरंच झालं की. मागं पन्नास माणसं बसलेली, घाटात धुकं, आणि पायाला गोळा आलेला. त्या वेळी हे असतं तर मी पेढे वाटले असते. पाय मुका झाला म्हणे! बोलून बोलून गुडघा गेला माझा.”

मी कॉफीत साखर घातली. ती आधीच घातलेली होती.

पण अप्पांचे सगळे बोलणे मला खरे वाटले नाही. रात्री दिवाणखान्यात ते खुर्चीत बसले होते. दूरदर्शन संच चालू होता, लक्ष नव्हते. उजवा चवडा गालिच्यावर रोवलेला आणि टाच हळूच बाहेर सरकत होती. एकदा, दोनदा. एस. टी. त दोन्ही पायांना सवडीने वेळ मिळे. हा एकाच पायाचा खेळ त्यांना नवा होता.

मी पाहतो आहे हे ध्यानात येताच पाय खुर्चीखाली गेला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी भावाला हाक मारली.

“उद्या परत जाऊ रे त्या घाटात. ते बटण बंद ठेव. किती चुकतोस ते बघू.”