चूक मालकाची, दंड कामगाराला

चुकीच्या माणसाची नेमणूक कारखान्याला किती महागात पडते, याविषयी मालकवर्ग मोठ्या पोटतिडकीने बोलत असतो. वाया गेलेले प्रशिक्षण, बिघडलेला माल, खोळंबलेले यंत्र, पुन्हा नवी भरती, हा हिशेब खोटा नाही. परंतु माणूस कायम करूच नये, कंत्राटावर ठेवावा आणि न जमल्यास फाटकाबाहेर काढावा, हा जो निष्कर्ष त्यातून काढला जातो, तो तपासून पाहिला पाहिजे.

मुंबईच्या गिरण्यांनी हा प्रयोग पूर्वीच करून पाहिला आहे. तेथे भरतीचा मक्ता जॉबरकडे असे. स्त्रियांच्या खात्यांत नायकिणीकडे. सकाळी फाटकाशी उभ्या असलेल्या घोळक्यातून जॉबर माणसे निवडी. निवडीची कसोटी कसब ही नव्हती, तर गाव, नाते आणि दस्तुरी ही होती. नवा माणूस आला की नवी दस्तुरी येई. जुना टिकला की ती बुडे. म्हणजे ज्याच्या हाती निवड सोपवली, त्याचाच स्वार्थ माणसे बदलत राहण्यात होता! आणि गैरहजेरी वाढली की दोष मात्र कामगाराच्या ‘खेडवळ’ वृत्तीला. शाही कामगार आयोगाने १९३१ साली भरतीचा व बडतर्फीचा अधिकार जॉबरकडून काढून घेण्याची शिफारस केली. १९३५ पासून मुंबईत बदली कामगारांना कार्डे देऊन रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरण्याची पद्धत सुरू झाली. जॉबरची मनमानी काहीशी आटोक्यात आली, परंतु बदली कामगार वर्षानुवर्षे बदलीच राहिला. १९८२ च्या संपात त्याला कायम करण्याची मागणी का होती, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगावयास नको.

आजचा कंत्राटदार हा त्या जॉबरचाच वारस होय. त्याला पैसे मिळतात ते पुरवलेल्या माथ्यांवर. माणूस कामाला योग्य आहे की नाही, हे पाहण्याचे त्याला कारण नाही, आणि मालकाने ती जबाबदारी आधीच अंगावरून झटकलेली असते. मग हेल्पर म्हणून आणलेल्या पोराला दुसऱ्या आठवड्यात पॉवर प्रेसवर उभे केले जाते. त्याची बोटे तुटली की ‘अकुशल कामगाराचा निष्काळजीपणा’ अशी नोंद होते. नेमणुकीच्या चुकीची ही किंमत मालकांच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

माणूस पारखण्यास वेळ लागतो, हे मान्य. पण किती? १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालील केंद्रीय नमुन्यात उमेदवारीसाठी तीन महिने पुरेसे मानले होते. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने तर, कायमपणाचे लाभ नाकारण्याच्या हेतूने कामगाराला वर्षानुवर्षे बदली वा तात्पुरता ठेवणे, ही अनुचित कामगार प्रथा ठरवली. तीन महिन्यांत जे कळते ते नऊ वर्षांत कळत नाही, असे म्हणणाऱ्या व्यवस्थापनाला पारख करावयाचीच नाही, एवढाच त्याचा अर्थ. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने ठराविक मुदतीच्या नेमणुकीला राजमान्यता दिली, आणि स्थायी आदेशांची मर्यादा मूळ केंद्रीय कायद्यातील १०० कामगारांवरून ३०० वर नेली. ज्या लहान कारखान्यांत भरती सर्वांत बेबंद, तेथेच लेखी नियमांचे बंधन सुटले.

येथे थोडे घरातलेही बोलले पाहिजे. भरतीची वेळ आली की आपल्याच काही युनियन पदाधिकाऱ्यांच्या खिशातून भाच्यापुतण्यांची यादी निघते. कायम कामगाराच्या मुलाला नोकरी, असा करार करताना शेजारी दहा वर्षे राबणाऱ्या कंत्राटी साथीची आठवण किती जणांना होते? जॉबरला शिव्या देऊन त्याचीच खुर्ची पटकावणे हा समाजवाद नव्हे.

येत्या वेतन करारांच्या वाटाघाटींत भरतीचे कलम म्हणूनच पगाराच्या कलमाइतक्याच नेटाने मांडावे लागेल. कामाचे लेखी वर्णन, त्या यंत्रावरची प्रत्यक्ष चाचणी, ठरलेल्या मुदतीची एकच उमेदवारी, आणि नापास ठरवल्यास त्याचे लेखी कारण, एवढे त्यात हवे. आणि नव्या जागेवर पहिला हक्क खात्यात आधीपासून राबत असलेल्या कंत्राटी कामगाराचा असावा. त्याची परीक्षा तर कधीच झालेली आहे.