पूररेषा आखली, माणसांची यादी कधी?



नदीवरच्या मोटारी वर घ्यायचे दिवस जवळ आले. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. सांगलीत आयर्विन पुलाला ४० आणि ४५. झोपेतून उठवून विचारा, आपण सांगू. पण आपल्याच गल्लीत अंथरुणाला खिळलेलं कोण आहे, बाळंतीण कुठल्या घरात आहे, एकटी म्हातारी कोण राहते, हे विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडं बघतो.

नकाशा आहे की! निळी रेषा साधारण २५ वर्षांतून येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण पाणी कुठवर येणार एवढंच तो सांगतो. कुणाला स्वतःच्या पायानं निघता येणार नाही, ते सांगत नाही. पाणी सगळ्यांच्या दारात सारखंच येतं, निघायची ताकद सारखी नसते. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे तो आदल्या दिवशीच जनावरं घेऊन पाहुण्यांकडं जातो. जिची सगळी पुंजी म्हणजे एक म्हैस, ती म्हैस सोडून निघत नाही. आपण तिला हट्टी म्हणतो. जनावराची सोय न करता तिला चल म्हणणारे आपण कोण?

२०१९ ला आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला गच्च भरलेली बोट उलटली. बायका गेल्या, लेकरं गेली. त्यानंतर २०२१ चा पूरही येऊन गेला. यादी अजून नाही.

पूर ओसरल्यावरही तेच. पंचनामा सातबारा बघून होतो. वाट्यानं करणाऱ्याचं पीक कुजलं तरी कागदावर तो नाहीच. मजुराचा बुडालेला रोजगार तर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

कृषी क्षेत्रातल्या मित्रांनाही एक विचारतो. प्लॉटवार माती परीक्षण करून नत्र, स्फुरद, पालाश काढता, मग घरवार माणसं का नाहीत? माहिती नाही असं कुणी म्हणू नका. गरोदर बायांची नोंद आशाताईंकडं, दिव्यांगांची ग्रामपंचायतीत, निराधारांची तहसीलला. तिन्ही कागद पूररेषेच्या नकाशावर एकत्र ठेवायचे, एवढंच काम. वाटेकरी, भूमिहीन आणि जनावरं आपण गावात बसून लिहू.

१ मेची ग्रामसभा झाली. १५ ऑगस्टची येईस्तोवर पूर येऊन गेलेला असतो. म्हणून आत्ताच खास ग्रामसभा मागा. प्रत्येक नावापुढं दोन गोष्टी लिहा : कुठल्या वाहनानं न्यायचं, आणि न्यायची जबाबदारी कुणाची.

मोटार बुडाली तर दुसरी घेता येते. बाकी आपण सुज्ञ आहात.